हिवतापाचा परजीवी : चयापचय व पेशीअंगके

प्लाझ्मोडियम वंशातील या एकपेशीय परजीवीचा तांबड्या रक्तपेशीतला संसार बराचसा उसनवारीवर चालतो. ऊर्जेसाठी तो ग्लुकोज घेतो, पण ते पुरते जाळत नाही. बहुतेकाचे लॅक्टेट करून बाहेर टाकतो. पेशीतील हीमोग्लोबिन तो अन्नरिक्तिकेत पचवतो. त्यातून अमिनो आम्ले मिळतात आणि हीम हे विष मागे राहते. त्याचे तो हीमोझोइन नावाचे स्फटिक करून ठेवतो. काचपट्टीवर दिसणारे तपकिरी कण ते हेच. क्लोरोक्विन हे औषध नेमके हे स्फटिकीकरण अडवते आणि परजीवीला त्याचेच खरकटे बाधते.

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्यासारख्या डोंगरी भागात पाड्यावरची आशा सेविका हिवतापाच्या तपासणीसाठी बोटाला टोचून थेंबभर रक्त घेते व किटच्या पट्टीवर १५-२० मिनिटांत रेघ उमटते. परजीवीच्या व्हायवॅक्स या जातीची रेघ उमटवणारे प्रथिन म्हणजे वर सांगितलेले लॅक्टेट बनवणारे परजीवीचे विकरच. परजीवी मेला की तेही लवकर ओसरते. फॅल्सिपेरम या जातीची रेघ हिस्टिडीनबहुल प्रथिनाची असते. ते उपचारानंतरही काही आठवडे रक्तात टिकते, म्हणून त्या रेघेवरून आजार गेला की नाही हे ठरत नाही.

परजीवीत तंतुकणिका एकच असते. तिचा जनुकसंच अवघा ६ किलोबेसचा, तीन प्रथिनांपुरता. रक्तातील अवस्थेत ऊर्जेपेक्षा डीएनएसाठी लागणाऱ्या पिरिमिडिनांच्या निर्मितीला तिची गरज असते. अटोव्हाक्वोन हे औषध तेथेच घाव घालते.

सर्वांत विलक्षण अंगक एपिकोप्लास्ट. ते एका लाल शैवलाचे उरलेले लवक: चार पटले, सुमारे ३५ किलोबेसचा वर्तुळाकार जनुकसंच, पण प्रकाशसंश्लेषण शून्य. रक्तातील अवस्थेत आयसोप्रेनॉइडांचा कच्चा माल पुरवणे हे त्याचे अत्यावश्यक काम. तो माल बाहेरून पुरवला तर परजीवी एपिकोप्लास्टविना जगतो, हे २०११ मध्ये दिसून आले. डॉक्सिसायक्लिनमुळे एपिकोप्लास्ट निकामी होते, पण मरते ती पुढची पिढी. म्हणून हे औषध सावकाश लागू पडते. एकच प्रथिन एपिकोप्लास्ट व तंतुकणिका या दोन्हींत कसे पोहोचते, याचा शोध मुंबईच्या आयआयटीत स्वाती पाटणकर यांच्या प्रयोगशाळेने घेतला आहे.

व्हायवॅक्सच्या यकृतातील सुप्त रूपांवर क्लोरोक्विन चालत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते. लावणीच्या घाईत, ताप उतरला म्हणून गोळ्यांचे पान कुडाला खोचलेलेच राहिले, तर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी हीव पुन्हा भरते.