कातडीच्या पेशीतून मेंदूच्या आजाराचा माग

माझी आत्या शेवटी शेवटी चुलीवर दूध ठेवून विसरायची आणि आम्हालाच विचारायची, "तू कोणाची गं?" घरात कोणी म्हणे वय झालं, कोणी म्हणे बाहेरचं काही असेल. तिच्या डोक्यात काय चाललंय ते डोकं उघडून तर बघता येत नव्हतं. आजची गोष्ट याच अडचणीची आहे.

1901 साली जर्मनीत, फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्ट डेटर नावाची 51 वर्षांची बाई दाखल झाली. नवऱ्यावर उगाच संशय घ्यायची, स्वयंपाकात चुका करायची, स्वतःचं नावही धड लिहिता येईना. डॉक्टर अलॉइस अल्झायमर तिच्याजवळ बसून प्रश्न विचारत, उत्तरं टिपून ठेवत. 1906 मध्ये ती वारली, तेव्हा त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर गाठी साचलेल्या, आत धाग्यांचा गुंता. आजाराला नाव डॉक्टरांचं मिळालं. बाईचं कोणाला आठवत नाही. पण हे सगळं कळलं ती गेल्यावर. घर जळाल्यावर राख चाळावी तसं. पुढे उंदरांवर प्रयोग झाले, पण उंदीर तो उंदीर.

आता मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या पेशींतून हाड, रक्त, मेंदू, सगळं घडतं. एकदा कातडी झाली की ती कातडीच. दह्याचं पुन्हा दूध होत नाही, तसं सगळे धरून चालले होते. 1962 मध्ये इंग्लंडच्या जॉन गर्डन यांनी बेडकावर दाखवलं, की वाढलेल्या पेशीतही मूळची माहिती शाबूत असते. 2006 मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठात शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी 24 जनुकं घेतली, एकेक वगळून पाहिलं आणि शेवटी चारच पुरली. ती चार घातल्यावर उंदराच्या कातडीची पेशी मागे जाऊन मूळ पेशीसारखी झाली. दह्याचं दूध झालं! पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींवर जमलं. त्या एका 36 वर्षांच्या बाईच्या चेहऱ्याच्या कातडीतल्या होत्या. गर्डन आणि यामानाका यांना 2012 चं नोबेल मिळालं.

2008 मध्ये अमेरिकेत हार्वर्ड आणि कोलंबिया विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी 82 वर्षांच्या एका आजीबाईंच्या कातडीचा तुकडा घेतला. त्यांना एएलएस होता. यात स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात आणि हातपाय लुळे पडतात. त्या कातडीपासून मूळ पेशी, आणि मूळ पेशींपासून तशाच चेतापेशी काचेच्या बशीत तयार झाल्या. जिवंत माणसाच्या आजाराच्या पेशी, त्याच्या मेंदूला हात न लावता!

2014 मध्ये बॉस्टनमध्ये मऊ जेलमध्ये वाढवलेल्या मानवी पेशींत अल्झायमर यांनी पाहिलेल्या गाठी आणि गुंता दोन्ही दिसले. त्याच वर्षी तिथल्याच दुसऱ्या शास्त्रज्ञांना आढळलं, की एएलएसच्या रुग्णांच्या चेतापेशी फार उतावीळ असतात, सारख्या ठिणग्या टाकतात. फेफऱ्याचं एक औषध घातलं तर शांत होतात. मग ते औषध रुग्णांना देऊन पाहिलं, 65 जणांना सामील करून. 2021 मध्ये निकाल छापून आला: पेशींचा उतावीळपणा खरोखर कमी झाला. आजार थांबतो, हे मात्र सिद्ध झालेलं नाही.

एक खोटही आहे. पेशी मागे नेली की तिचं वयही पुसलं जातं. 82 वर्षांच्या बाईची पेशी पुन्हा कोवळी होते, आणि हे आजार तर म्हातारपणाचे! त्यावर अजून खटपट चालू आहे.

हे सगळं बशीतलं. आमच्याकडच्या एका घराने मात्र "स्टेम सेलचं इंजेक्शन" म्हणून अर्धा एकर विकला, आणि आजोबा होते तसेच राहिले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत, रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं अस्थिमज्जेचं रोपण मान्य आहे. मेंदूच्या आजारावर स्टेम सेल टोचायचे ते फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीतच, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात.