ऑस्टिनहून आडवाटेने घरी

शनिवार, 20 एप्रिल 2013. शुगर लँडच्या घरात जेवणाचं टेबल आवरून तुम्ही टेक्सासचा घडीचा नकाशा पसरलाय. उद्या ऑस्टिनजवळच्या सर्किट ऑफ द अमेरिकाजवर मोटोजीपीची पहिलीवहिली शर्यत आहे. जाताना पहाटे निघायचं, आय-10 धरायचा, मग हायवे 71. त्यात ठरवण्यासारखं काही नाही. खरा प्रश्न परतीचा.

नकाशात सर्किटच्या बाजूनेच टोलचा 130 नंबर जातो. त्याच्या दक्षिणेकडच्या टप्प्यावर ताशी 85 मैलांची मुभा आहे. साऱ्या अमेरिकेत एवढी दुसरीकडे नाही, आणि तो सुरू होऊन जेमतेम सहा महिने झालेत. उद्या निम्मी गर्दी तिकडे वळेल. तुमचं बोट मात्र बारीक रेघांवर फिरतंय. त्यांच्यापुढे ‘एफएम’ लिहिलंय, फार्म टू मार्केट. शेतकऱ्याचा कापूस, मका, दूध चिखलात अडकू नये म्हणून 1937पासून टेक्सासने हे रस्ते बांधायला घेतले आणि 1949च्या कायद्यानंतर त्यांचं जाळं राज्यभर विणलं. शेताच्या बांधाबांधाने, ओढ्याच्या कलाने जाणारा रस्ता आपोआप वळणांचा होतो. बाइकवाल्याला आणखी काय हवं?

कागदी चिकटपट्टीवर जाड पेनाने तुम्ही आकडे लिहिता: 812, 21, 1सी, 153, 77, 159, 36, 1458, 359, 90ए. ही पट्टी उद्या पेट्रोलच्या टाकीवर चिकटवायची. मोबाइलला आडरानात रेंज नसते, आणि हातमोजे घालून स्क्रीनशी झटापट करण्यापेक्षा हे बरं. मग वेळेचं गणित. सूर्यास्त आठच्या सुमारास. तुम्ही बहुतेक वेळ पूर्वेकडे जाणार, म्हणजे ऊन पाठीवर, डोळ्यांवर नाही. पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर तेच ऊन असणार आणि त्याला तुम्ही दिसणारच नाही. म्हणून दिवा चालू, अंगात पोपटी जाकीट, आणि डावीकडे वळण्यासाठी थांबलेल्या प्रत्येक पिकअपचा संशय. संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात, तेव्हा जंगलाचा भाग उजेडात उरकायचा.

रविवार दुपार. पहिल्या वळणाकडे जाणारा चढ टीव्हीवर कळत नाही. सुमारे 40 मीटरची ती उभी चढण आहे. दिवे विझतात, गाड्यांचा थवा चढावर झेपावतो आणि माथ्यावर एकदम डावीकडे मोडतो. पेड्रोसा पुढे. अर्धी शर्यत उलटल्यावर वीस वर्षांचा मार्केझ त्याला मागे टाकतो आणि जिंकतो. सर्वोच्च वर्गातला सर्वांत लहान विजेता होण्याचा फ्रेडी स्पेन्सरचा 1982पासूनचा विक्रम तुमच्या डोळ्यांदेखत मोडतो. पण तुम्ही पुढची वर्षं डोक्यात घेऊन इथे आला आहात, म्हणून तुमची नजर लाल डुकाटीवरच्या 69 नंबरवर खिळते. निकी हेडन. 2017च्या मे महिन्यात इटलीत सायकल चालवताना मोटारीच्या धडकेने तो जाईल, आणि 2019मध्ये याच सर्किटवर त्याचा नंबर कायमचा निवृत्त होईल. आज तो तुमच्या कुंपणासमोरून जातो तेव्हा कठडे थरथरतात आणि तुम्ही दोन्ही हात वर करून ओरडता. ओरडा. पुन्हा संधी नाही.

पार्किंगमधून बाहेर पडायलाच बराच वेळ जातो. 812ला लागलात की गर्दी विरते. पुढे 21. हा रस्ता साधारणपणे स्पॅनिश काळातल्या एल कमिनो रियालच्या मागावरून जातो. मिशनरी, सैनिक आणि गुरांचे कळप याच अंगाने गेले.

बॅस्ट्रॉपला कोलोरॅडो नदी ओलांडून तुम्ही स्टेट पार्कात शिरता, आणि इथे घाई केलीत तर सगळी आखणी वाया. पार्क रोड 1सी म्हणजे बारा-एक मैलांचा अरुंद डांबरी पट्टा. कडेला साइडपट्टी नाही, वेग तीसच्या आसपास. माथ्यावर पोहोचेपर्यंत पलीकडचं वळण डावं की उजवं, ते कळत नाही. दुसरा गिअर, क्वचित तिसरा. ब्रेक चढावरच संपवायचा, उतारावर नाही. पूर्व टेक्सासच्या मुख्य पाइनवनांपासून शंभरेक मैल तुटून राहिलेलं हे पाइनचं बेट. लोक त्याला ‘लॉस्ट पाइन्स’ म्हणतात. आज मात्र सावलीच नाही. 4 सप्टेंबर 2011ला लागलेल्या वणव्याने सोळाशेहून जास्त घरं आणि या पार्काचा जवळजवळ सगळा भाग जाळला. दोन्ही अंगांना काळे खांब उभे आहेत. हेल्मेटची काच वर केलीत तर दीड वर्षानंतरही ओल्या राखेचा वास येतो. एका माथ्यावर तुम्ही थांबता. जळक्या बुंध्याशी बोटभर उंचीचं रोप आहे, सुया कोवळ्या आणि झगझगीत हिरव्या. राज्याच्या वनखात्याकडे या वनाचं बियाणं शीतगृहात पडून होतं, टाकून द्यायच्या बेतात होतं. वणव्यानंतर त्यातूनच लाखो रोपांची तयारी झाली. हे त्यातलं असेल किंवा आपसूक उगवलेलंही असेल. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचं बिशर पार्क जवळ येतं तशी उभी, हिरवी झाडं सुरू होतात. ती नीट बघून घ्या, ऑक्टोबर 2015मध्ये या बाजूलाही आग येणार आहे.

153 हा बक्षिसासारखा आहे. विंचेस्टरवरून 77ला लागेपर्यंत कुरणं, गुरं, लांब सुटी वळणं. आता चौथ्या गिअरमध्ये गाडी स्वतःच डोलते. ला ग्रेंजला पेट्रोल आणि कोलाचे. मोराव्हियातून आलेल्या चेक शेतकऱ्यांनी हा गोड पाव या मुलखात आणला, मधल्या खळग्यात जर्दाळू नाहीतर खसखस. गल्ल्यापाशी उभे असलेले लोक शर्यतीबद्दल बोलत नाहीयेत, वेस्टबद्दल बोलताहेत. वेस्ट हेही चेक लोकांचंच गाव. चारच दिवसांपूर्वी, 17 एप्रिलला, तिथल्या खताच्या कोठारात स्फोट होऊन पंधरा माणसं गेली, त्यांत बहुतेक आग विझवायला धावलेले. तुम्ही रांगेत गुपचूप ऐकता. घाईच्या रस्त्याने गेला असतात तर ही बातमी टीव्हीवरच राहिली असती.

159वरून फेएटव्हिल, इंडस्ट्री, बेलव्हिल. इंडस्ट्रीला 1831मध्ये फ्रीड्रिश अर्न्स्ट या जर्मन माणसाने घर केलं आणि मागून त्याचे देशबांधव येत राहिले. कडेला निळी ब्लूबॉनेट्स उतरणीला लागलीत, तांबडी-पिवळी फुलं चढतीला. बी पडेपर्यंत रस्तेखातं इथलं गवत कापत नाही.

36वरून पुढे सॅन फेलिपे. हे ऑस्टिन नावाच्या माणसाने वसवलेल्या वसाहतीचं मुख्य ठाणं होतं. सांता आनाच्या मेक्सिकन सैन्याच्या हाती पडू नये म्हणून 1836च्या मार्चअखेर टेक्सासच्याच सैनिकांनी ते पेटवून दिलं आणि लोकांनी पूर्वेकडे पळ काढला. 1458चा पूल ओलांडताना खाली ब्रॅझोस गढूळ, तांबूस. आरशात सूर्य टेकलाय.

359वरून रिचमंड, मग 90ए, आणि अंधारात तुमचं स्वतःचं गाव. ज्याचं बालपण साखर कारखान्याच्या पट्ट्यात गेलं, मळीचा वास ज्याच्या नाकात बसलाय, त्याने हा शेवटचा तुकडा हळू चालवावा. इथल्या उसाच्या मळ्यांत आधी गुलाम राबले, गुलामी संपल्यावर भाड्याने घेतलेले कैदी. 2018मध्ये इथून जवळच शाळेच्या बांधकामात अशा 95 कृष्णवर्णीय माणसांच्या कबरी सापडतील. आज त्या जमिनीत आहेत आणि त्यांच्या नावाचा एक दगडही नाही. इम्पिरियलचा कारखाना 2003मध्येच बंद पडलाय, ‘चार हाउस’ ही त्याची विटांची उंच इमारत मात्र उभी आहे. आपण इथे घरं घेतली, गणपती बसवले, मुलं शाळेत घातली. या गावाच्या नावातली साखर कोणी पिकवली, हे आपल्या मुलांना आपणच सांगायला हवं.

घरी पट्टी सोलून तुम्ही नकाशाच्या मागे चिकटवता आणि शेजारी लिहिता: पुढची शर्यत 13 एप्रिल 2014. आठवडाभर आधी, म्हणजे ब्लूबॉनेट्स भरात. 1सीला अर्धा तास जास्त.