पॉन्टकसल्ते : नदीवरून नाव नेणारा जलसेतू

वेल्सच्या ईशान्येस डी नदीच्या खोऱ्यावर उभा असलेला पॉन्टकसल्ते हा ब्रिटनमधील सर्वांत लांब आणि सर्वांत उंच जलसेतू होय. लँगॉलन कालव्यातील नावा त्यावरून आजही ये-जा करतात. थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप या अभियंत्यांच्या देखरेखीखाली १७९५ ते १८०५ या काळात तो बांधण्यात आला.

जलसेतूची लांबी सुमारे ३०७ मीटर, तर नदीपासूनची उंची सुमारे ३८ मीटर आहे. दगडी पन्हळ आणि तिच्या आत चिकणमातीचा जाड थर ही तत्कालीन रूढ पद्धत होती. मात्र तिचा भार प्रचंड होई. त्याऐवजी येथे ओतीव लोखंडाची पन्हळ बसवल्याने १८ सडपातळ दगडी खांबांवर तिचा भार पेलता आला.

पन्हळीतून एका वेळी एकच नाव जाऊ शकते. त्यामुळे समोरून नाव येत नसल्याची खात्री करूनच आत शिरावे लागते. एका बाजूस पायवाट व कठडा आहे. दुसऱ्या बाजूस कठडा नाही. पन्हळीची कड पाण्याच्या किंचितच वर असल्याने नावेतील प्रवाशाला थेट खालचे खोरे दिसते. लहान मुलांना सोबत नेताना हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

रेल्वेच्या स्पर्धेमुळे मालवाहतूक घटली आणि १९४४ मध्ये संसदेच्या कायद्याने या कालव्यातील नौकानयन बंद करण्यास मुभा मिळाली. तरीही कालवा बुजवला गेला नाही, कारण डी नदीचे पाणी तो पूर्वेकडे चेशायरपर्यंत पोहोचवत होता. पुढे पर्यटकांच्या नावांनी त्याला नवे जीवन दिले. २००९ मध्ये जलसेतूसह कालव्याच्या सुमारे १८ किलोमीटर लांबीच्या भागाला युनेस्कोने जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला.