पंखांच्या शिरा आणि त्या वाचणारी माणसे

पावसाळ्यात आमच्या युनियनच्या कचेरीतील दिव्याभोवती लांब पायांचा एक कीटक घिरट्या घालतो. मोठा डास समजून लोक त्याला वहीने झोडपतात. वास्तविक तो चावत नाही. इंग्रजीत त्याला ‘क्रेन फ्लाय’ म्हणतात. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात झाले. कीटक ओळखणे हा पंडितांचा प्रांत, असा माझा समज होता. या कीटकाच्या अभ्यासाचा इतिहास वाचला आणि तो समज गेला.

१७५८ साली लिनीयसने ‘टिपुला’ या एकाच प्रजातीत या माश्या आणि डासांसारखे दिसणारे इतर बारीक कीटकही कोंबले होते. तो गुंता सोडविण्यास हात घातला तो योहान विल्हेल्म मायगेन याने. १७६४ साली झोलिंगन येथे जन्मलेला हा गरीब माणूस फ्रेंच शिकवून पोट भरी. विद्यापीठाची पायरी त्याने चढली नव्हती. केवळ एका लक्षणावर विसंबून न राहता त्याने शिंगे, मुखांगे आणि पंखांच्या शिरा यांचा एकत्र विचार केला. १८०३ साली त्याने लिमोनिया, नेफ्रोटोमा, ट्रायकोसेरा, टायकॉप्टेरा अशा प्रजाती वेगळ्या केल्या. ही नावे आजही चालतात.

आता पंख प्रकाशात धरून पाहू. खऱ्या क्रेन फ्लायच्या पंखाच्या मागल्या भागात दोन लांब शिरा कडेपर्यंत जातात. टायकॉप्टेरात तेथे अशी एकच शीर असते. ट्रायकोसेरात दुसरी शीर आखूड असून झटकन वळून कडेला मिळते. पुढच्या भागातील मुख्य शिरेला एक फांदी फुटते. टिपुलात ती लांब, नेफ्रोटोमात आखूड व तिरपी असते. पंखाच्या टोकाकडचे एक घर टिपुलात बहुधा देठावर असते, नेफ्रोटोमात बहुधा बिनदेठाचे. लिमोनियात त्याच फांदीचे दोनच फाटे कडेला पोचतात, लिम्नोफिलात तीन. साधे भिंग आणि थोडा धीर एवढ्यावर हे काम होते.

तथापि अडचण होती ती नावांची. प्रत्येक ग्रंथकार शिरांना आपापली नावे देई. एका गिरणीत एकाच कपातीला दोन खात्यांत दोन नावे होती. ती एक होईपर्यंत आमची वाटाघाट पुढे सरकेना. तसाच हा प्रकार. १८९८-९९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील कॉमस्टॉक व नीडहॅम यांनी सर्व कीटकांच्या पंखांचा मूळ आराखडा एकच आहे, असे धरून शिरांना समान नावे दिली. त्यांचे काही निष्कर्ष पुढे दुरुस्त करावे लागले. पण समान भाषा टिकली.

त्याच विद्यापीठात शिकलेल्या चार्ल्स अलेक्झांडर (१८८९-१९८१) याने त्या भाषेत अकरा हजारांहून अधिक जातींची वर्णने लिहिली. त्यांत भारतातील जातीही आहेत. त्याची पत्नी मेबल हिने संग्रह आणि नोंदींच्या कामात जन्मभर साथ दिली. ग्रंथांवर मात्र नाव बहुधा एकाचेच. आम्हा संघटनेच्या माणसांना हे दृश्य अपरिचित नाही.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. दोन निरनिराळ्या कुळांत तीच शीर स्वतंत्रपणे नाहीशी होऊ शकते. म्हणून उणिवेतील साम्य हा नात्याचा पुरावा नव्हे. आज जननेंद्रियांची रचना आणि डीएनए यांचीही साक्ष काढतात. एकाच लक्षणावर विसंबू नये, ही मायगेनची रीत दोनशे वर्षांनंतरही उपयोगी पडते ती अशी.

यंदा दिव्याखाली असा कीटक मेलेला आढळला, तर त्याचा पंख अलगद कागदावर ठेवून मागल्या कडेच्या शिरा मोजून पाहा. फ्रेंचच्या शिकवण्या करणाऱ्या त्या गरीब मास्तराने आपल्यासाठी ही वाट खुली करून ठेवली आहे.