सरावाचा कागद, शहराचं काम

मुंबईच्या महात्मा फुले मंडईत, म्हणजे जुन्या क्रॉफर्ड मार्केटात, शिरताना मान वर केली तर प्रवेशद्वारावर दगडात कोरलेली शेतकरी माणसं दिसतात. खाली भाजीपाल्याची आणि फळांची गर्दी असते, त्यामुळे त्यांच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. मंडई १८६९ मध्ये उभी राहिली. ही शिल्पं जॉन लॉकवुड किपलिंग यांची. मंडईपासून हाकेच्या अंतरावरच्या कलाशाळेत ते शिल्पकला शिकवायला १८६५ मध्ये आले होते. त्याच वर्षाच्या शेवटी शाळेच्या आवारात त्यांचा मुलगा रुडयार्ड जन्मला, आणि पुढे लेखक म्हणून बापापेक्षा त्याचंच नाव जास्त झालं. पण मुंबईच्या दृष्टीनं बापाचं काम मोठं होतं. शाळेत शिकवायचं आणि तीच विद्या शहराच्या भिंतींवर उतरवायची, हा रिवाज त्यांच्या काळात पडला.

ही शाळा म्हणजे सर जे.जे. स्कूल ऑफ आर्ट. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून ती १८५७ मध्ये सुरू झाली. सुरुवातीचं शिक्षण लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या कलाशाळेच्या धर्तीवरचं होतं. समोर प्लास्टरचा साचा ठेवायचा, त्याची बाह्यरेषा काढायची, मग छाया-प्रकाश भरायचा. एक साचा झाला की पुढचा. आज हे वाचताना कंटाळवाणं वाटतं, आणि ते कंटाळवाणं असणारच. पण त्या घोटलेल्या हातांना शहरात लगेच काम मिळत होतं. बोरीबंदरचं व्हिक्टोरिया टर्मिनस १८७८ पासून बांधलं जात होतं, तेव्हा त्यावरची पानं-फुलं, प्राणी आणि पक्षी यांच्या कोरीवकामात याच शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. किपलिंग यांच्याबरोबर आलेले जॉन ग्रिफिथ्स तर १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले. अंधाऱ्या लेण्यांत भिंतचित्रांच्या नकला करण्याचं हे काम १८८५ पर्यंत चाललं. लंडनला पाठवलेल्या त्या नकलांपैकी बऱ्याच आगीत जळाल्या. उरलेल्यांच्या आधारावर ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला.

नक्कल करणारा विद्यार्थी काय शिकतो, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. अजिंठ्याला गेलेली पोरं निदान एक गोष्ट शिकून आली. रेषा आपली नसली, तरी ती काढणारा हात आपलाच लागतो.

शतक संपता संपता कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर या आवारात आले. १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झालेला हा माणूस पुढे शिक्षक झाला आणि १९३१ पर्यंत तिथेच राहिला. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचं नाव अक्षरशः खरं आहे. धुरंधरांनी मोठमोठी तैलचित्रं रंगवली, पण घराघरांत पोहोचली ती त्यांची पोस्टकार्डं, पुस्तकांतली चित्रं आणि छापील कामं. त्यांनी रेल्वेसाठी पोस्टरंही केली. कलाशाळेतल्या मास्तरांनी छापखान्यासाठी चित्र काढणं कमीपणाचं मानणारे लोक तेव्हा होते. धुरंधरांनी त्याची पर्वा केली नाही. पुढच्या पिढीला ‘कमर्शियल’ हा शब्द ताठ मानेनं वापरता आला, त्याचं बरंचसं श्रेय त्यांना द्यायला हवं.

दरम्यान, शाळेबाहेरची मुंबई झपाट्यानं बदलत होती. गिरगावातल्या बी. दत्ताराम यांची १९०५ ची संस्था देशातल्या पहिल्या जाहिरात संस्थांपैकी एक मानली जाते. स्ट्रोनॅक यांनी १९२६ मध्ये आपली जाहिरात कंपनी काढली. जे. वॉल्टर थॉम्प्सन ही अमेरिकी जाहिरात कंपनी १९२९ मध्ये जनरल मोटर्सच्या कामासाठी मुंबईत आली. तिकडे कोल्हापुरात बाबूराव पेंटर स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवत होते. ‘कल्याण खजिना’चं १९२४ चं पोस्टर भारतातल्या सर्वांत जुन्या उपलब्ध सिनेपोस्टरांपैकी आहे. बाबूराव कुठल्याच कलाशाळेत गेले नव्हते, त्यांची शाळा म्हणजे नाटकाचे पडदे. साबण, मोटारगाड्या आणि सिनेमा विकायला चित्रकार हवे होते, आणि ते मिळेल तिथून येत होते. अखेर १९३५ मध्ये जे.जे.मध्ये कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला. त्याची धुरा व्ही. एन. आडारकर यांनी वाहिली, आणि पुढे ते अख्ख्या जे.जे.चे प्रमुख झाले.

विभाग नवा होता, पण सराव जुन्याच शिस्तीचा राहिला. विद्यार्थी इथे पोहोचायचा तोच मुळी चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा देऊन. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे सगळं त्यानं गावच्या शाळेत, ड्रॉइंगच्या मास्तरांकडे गिरवलेलं असायचं. त्या दोन परीक्षांनी महाराष्ट्रावर केलेले उपकार फारसे कुणी मोजलेले नाहीत. कोकणातल्या नाहीतर विदर्भातल्या एखाद्या मुलाला मुंबईची वाट दिसायची ती या परीक्षांमुळे.

मुंबईत आल्यावर पहिली गाठ पडायची रूलिंग पेनशी. दोन पोलादी पाती, त्यांना जवळ-लांब करणारा एक स्क्रू, एवढाच तो पेन. तो शाईत बुडवायचा नाही. ब्रशनं किंवा ड्रॉपरनं पात्यांच्या मधे थेंब सोडायचा, बाहेरून लागलेली शाई पुसायची, आणि टी-स्क्वेअरला टेकवून एका दमात रेघ ओढायची. शाई जास्त झाली तर रेघेच्या टोकाला गोळा येतो, कमी झाली तर रेघ मधेच तुटते. चौकटीचे तीन कोपरे नेटके जुळावेत आणि चौथ्याला थेंब फुटावा, हे दुःख त्या पिढीच्या प्रत्येकाला ठाऊक असे. मग ब्लेडच्या टोकानं तो डाग खरवडायचा, कागदाचं पीस वर आलं की नखानं घोटून बसवायचं. पोस्टर कलरचीही अशीच तपश्चर्या होती. रंग ताकाइतका सरसरीत कालवायचा, म्हणजे पाणी जास्त होऊन पट्टे पडत नाहीत आणि घट्ट राहून वाळल्यावर तडे जात नाहीत. फूटभर जागेत एकसारखा सपाट रंग भरता आला, की विद्यार्थ्याला पुढची पायरी मिळे.

या सगळ्यांत विद्यार्थ्यांना सर्वांत नकोसा वाटणारा सराव अक्षरांचा असे. आणि खरं तर बाजाराला सर्वांत जास्त गरज त्याचीच होती. इंग्रजी जाहिरातीसाठी छापखान्यात टाइपाची रेलचेल असे. देवनागरीत तसं नव्हतं. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानं एकोणिसाव्या शतकात देखणे खिळे पाडले, पण ते पोथ्या-पुस्तकांच्या मजकुराचे होते. साबणाच्या जाहिरातीत ठसठशीत, हसरं किंवा धावतं अक्षर हवं असेल, तर तसा खिळाच नसे. म्हणून मराठी जाहिरातीचा मथळा हातानंच लिहावा लागे. जाहिरातीच्या धंद्यानं देवनागरीला जी शेकडो रूपं दिली, ती अशी खिळ्यांच्या टंचाईतून आली.

बोरूनं लिहिताना पहिला धडा छाटीचा. रोमन अक्षरांच्या टाकाला जी तिरपी छाट लागते, तिच्या उलट दिशेची छाट देवनागरीच्या बोरूला लागते. टाक चुकीचा निवडला तर अक्षराचं वजन भलत्या ठिकाणी पडतं, आणि का पडतं ते नवख्याला कळत नाही. दुसरा धडा मोकळ्या जागेचा. ‘गणेश’ हा शब्द मोठा करून लिहून पाहावा. ग, ण आणि श, तिन्ही अक्षरांचा दंड अंगापासून सुटा असतो, त्यामुळे अक्षराच्या पोटातच खिंड पडते. आता दोन अक्षरांमधली जागा त्या खिंडीशी जुळवून घ्यावी लागते, नाहीतर शब्द फुटून जातो. पट्टीनं मोजून इथे काहीच साधत नाही, डोळाच तयार करावा लागतो. तिसरा धडा ओळींचा. वर वेलांट्या आणि रफार, खाली उकार, म्हणून मराठी मथळ्याच्या दोन ओळींना इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं. इंग्रजीसाठी आखलेल्या लेआउटमध्ये मराठी मजकूर कोंबला, की तो घुसमटतो. कचेरीत भाषांतराला शेवटचा तास मिळालेल्या कितीतरी जाहिरातींत हे डोळ्यांना खुपतं, अगदी आजही.

गोव्यात जन्मलेले दीनानाथ दलाल जे.जे.त शिकले आणि त्यांनी केनेडी ब्रिजजवळ स्टुडिओ थाटला. १९४५ पासून त्यांच्या ‘दीपावली’ अंकानं मराठी घरांत रंगांची सवय लावली. त्यांनी केलेल्या मुखपृष्ठांत चित्र आणि पुस्तकाचं नाव वेगळं काढताच येत नाही. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत हेच टोकाला नेलं. वर्तमानपत्रातल्या इंचभर जागेत नाटकाचं नावच त्या नाटकाचा चेहरा होई. नट कोण हे वाचायच्या आधी नाटकाचा बाज कळे. एका रंगात, खरखरीत कागदावर, चित्राचा आधार न घेता हे साधणं फार अवघड आहे. मराठी दृश्यकलेच्या इतिहासात त्याला मोठ्या तैलचित्रांच्या शेजारी जागा मिळायला हवी.

शाळेच्या परीक्षेत सगळंच उतरतं असं मात्र नाही. म्हैसूरचे व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी तरुणपणी जे.जे.कडे अर्ज पाठवला, आणि तो नाकारला गेला. त्यांच्या चित्रांत शाळेला हवी ती गुणवत्ता दिसली नाही. त्याच लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी ‘गट्टू’ काढला. हातात ब्रश आणि डब्यातून ओघळणारा रंग घेतलेला तो खट्याळ पोरगा कित्येक दशकं दुकानादुकानांतून उभा राहिला. पुढे जे.जे.नं त्यांना सन्मानानं पाहुणे म्हणून बोलावलं. साचे घोटून हात तयार होतो, पण माणसाकडे बघण्याची खोडकर नजर घोटून येत नाही. प्रवेशपरीक्षा घेणाऱ्यांनी हा दाखला जवळ बाळगावा.

स्वातंत्र्यानंतर धंद्याला संघटना आली. १९४८ मध्ये मुंबईत कमर्शियल आर्टिस्ट्स गिल्ड स्थापन झाली, आणि वर्षातल्या उत्तम कामाची निवड, प्रदर्शन, बक्षिसं हा क्रम सुरू झाला. त्याआधी दोनच वर्षं एअर इंडियाच्या जाहिरातींतला महाराजा कंपनीतले बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांच्या हातून जन्मला होता. १९६१ मध्ये कमर्शियल आर्टचा विभाग मूळ शाळेपासून वेगळा होऊन सर जे.जे. इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड आर्ट झाला. त्याच वर्षी अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. तिच्या पाठीशी चार्ल्स आणि रे ईम्स यांचा १९५८ चा अहवाल होता. साध्या लोट्याचं डिझाइन बारकाईनं वाचून दाखवणारा तो अहवाल आजही ताजा वाटतो. मग ठिपका, रेषा, पोत, विरोधी रंग असे सराव फाउंडेशनच्या वर्षात रुळले. त्यांचं मूळ वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत, योहान्स इट्टेन यांच्या १९१९ च्या प्राथमिक वर्गात आहे. साच्याची नक्कल करण्याऐवजी वाळू, काच, ताग, पत्रा हाताळून पाहायचा, हा त्यातला खरा बदल.

जे.जे.तल्या शेवटच्या वर्षी मात्र सगळ्याची कसोटी एका कामात लागे. ते काम म्हणजे कॅम्पेन. एक वस्तू निवडायची, समजा चहा. आधी दुकानं पालथी घालायची, गिऱ्हाईक सुटा चहा का मागतं आणि पुड्याला हात का लावत नाही हे वाण्याला विचारायचं. मग अंगठ्याएवढी थंबनेल्स, डझनावारी. त्यातली तीन-चार मोठी करून रफ. सरांनी एका फटक्यात बाद केली की पुन्हा थंबनेल्स. कल्पना मंजूर झाली, तर तीच प्रेस ॲडमध्ये, पोस्टरवर, होर्डिंगवर, शोकार्डात आणि दुकानात टांगायच्या डँगलरवर उभी करून दाखवायची. होर्डिंग धावत्या बसमधून वाचलं जाणार, म्हणून शब्द कमी. प्रेस ॲड घरी बसून, म्हणून तिथे मजकुराला वाव. एका कल्पनेला इतके वेगवेगळे अवतार झेपतात का, हे बघणं हाच कॅम्पेनचा गाभा. आर्टवर्कच्या रात्री सगळ्यांत कठीण. मजकुराचे ब्रोमाइड, म्हणजे फोटोच्या कागदावरचे ठसे, कापायचे, रबर सोल्युशननं माउंटवर चिकटवायचे, एक ओळ तिरकी गेली तर सोडवून पुन्हा. वर बटर पेपर पांघरून त्यावर पेन्सिलीनं रंगांचे टक्के लिहायचे. वार्षिक प्रदर्शनात हे सगळं भिंतीवर लागलं, की फोर्टातल्या एजन्सींची माणसं हिंडून बघत, आणि कुणाच्या तरी नोकरीची बोलणी तिथेच सुरू होत.

या आवारातून गेलेल्या र. कृ. जोशींनी सरावाचा कागद सर्वांत दूर नेला. १९३६ मध्ये जन्मलेले जोशी उल्का या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक होते. वेलकमग्रुप हॉटेलांचं नमस्काराच्या हातांचं बोधचिन्ह त्यांचंच. जाहिरातीत मान मिळत असताना १९८३ मध्ये ते पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवायला गेले. हे केंद्र १९६९ पासूनचं. तिथे त्यांनी अक्षराला संगणकात नेण्याचा ध्यास घेतला. जोडाक्षरं मोडू नयेत, वेलांटी अक्षरावर नीट बसावी, यासाठी त्यांनी प्रोग्रॅमरांशी वर्षानुवर्षं वाद घातले. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचा. सरकारी परिपत्रकापासून प्रेमपत्रापर्यंत लक्षावधी मराठी मजकूर त्या वळणात टंकले गेले. मंगलचं वळण सगळ्यांना आवडतं असं नाही. पण पडद्यावर देवनागरी शाबूत राहिली पाहिजे हा आग्रह धरणारं माणूस त्या टेबलाशी होतं, हे मराठीचं भाग्य.

रूलिंग पेन आता संग्रहात ठेवायची वस्तू झाली. ब्रोमाइड आणि रबर सोल्युशन गेलं, ते जायलाच हवं होतं. त्या रात्रींचं कौतुक करणाऱ्यांनी त्यातली पाठदुखीही आठवावी. अक्षरलेखनाचे तास मात्र आक्रसले, आणि ही हानी खरी आहे. तयार फॉन्ट निवडणाऱ्याला ‘गणेश’मधली खिंड दिसतच नाही. अच्युत पालव यांच्यासारखे जे.जे.चे विद्यार्थी गावोगाव कार्यशाळा घेऊन लोकांच्या हातात पुन्हा बोरू देतात, त्याला रेटा आहे तो याच उणिवेचा.

२००९ मध्ये केंद्र सरकारनं रुपयाच्या चिन्हासाठी खुली स्पर्धा घेतली. तीन हजारांवर प्रवेशिका आल्या, आणि पाच जण अंतिम फेरीत पोहोचले. १५ जुलै २०१० रोजी निवड झाली ती पवईच्या त्याच केंद्रात पीएचडी करणाऱ्या डी. उदयकुमार यांची. त्यांचा अभ्यासविषय तमिळ लिपीचा, पण चिन्हासाठी त्यांनी देवनागरी ‘र’ घेतला आणि त्यात रोमन ‘आर’चा भास ठेवला. डोक्यावर शिरोरेषा दिली, तिच्याखाली समांतर दुसरी रेघ. दोन रेघांच्या मधे राहिलेल्या पांढऱ्या पट्टीत त्यांना तिरंगा दिसत होता. चौकटीच्या कागदावर जाडी, अंतर आणि वळण मोजून मांडलेली ती प्रवेशिका अक्षरलेखनाच्या तासाला द्यावी तशीच होती. पुढच्याच वर्षी ते चिन्ह नाण्यांवर आलं, मग नोटांवर, मग कळफलकांवर. मराठी, तमिळ, बंगाली, कुठल्याही भाषेतला दुकानदार पाटीवर भाव लिहिताना आता आधी शिरोरेषा ओढतो.