अफूचा परवाना आणि मराठवाड्यातलं दुखणं

१ एप्रिल १९५९ पासून औषधाखेरीज अफू खाण्यावर देशभर बंदी आली. मुदत १९४९ च्या अफू परिषदेत ठरली होती, तेव्हा मराठवाड्यातली परभणी हैदराबाद राज्यात होती. बंदी आली तोवर ती मुंबई राज्यात आलेली होती. ज्यांना अफूवाचून राहवतच नव्हतं त्यांची सरकारदरबारी नोंद झाली आणि डॉक्टरी दाखल्यावर त्यांना ठरावीक अफू मिळू लागली.

अफू खाणारे सगळे नशेबाज नव्हते. १८९३ साली नेमलेल्या रॉयल ओपियम कमिशनपुढे साक्षीदारांनी संधिवात, खोकला, हगवण, म्हातारपणचा थकवा अशी कारणं सांगितली होती. महसूल बुडू नये ही सरकारची काळजी त्या चौकशीमागे होती, पण या तक्रारी खोट्या नव्हत्या. मुंबईत गिरणीवर जाणारी बाई तान्ह्याला अफूची बाळागोळी द्यायची. पोर दिवसभर निपचित पडून राहायचं. तिथे दुखणं बाळाचं नव्हतंच, आईच्या पोटापाण्याचं होतं.

पुढे १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आला आणि लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. साठा, वाहतूक, आयात, प्रत्येकाचा परवाना वेगळा, मुदत वेगळी. नव्वदीच्या अखेरीपर्यंत अफूपासून बनणाऱ्या मॉर्फीन या वेदनाशामकाचा देशातला वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांनी घटला. नीमच-मंदसौरकडे कायदेशीर अफू पिकत होती आणि बार्शीच्या कर्करोग रुग्णालयापर्यंत पोचलेल्या मराठवाड्यातल्या माणसापुढे प्रश्न होता रात्र कशी काढायची. हा अन्यायच होता. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फीनसह सहा औषधांची वाट मोकळी केली, पण ‘सवय लागेल’ ही घरच्यांच्या आणि डॉक्टरांच्या मनातली भीती काही दुरुस्तीने जात नाही.

आणि दुखणं मनामुळेही कमी-जास्त होतं. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या डॉक्टरला दिसलं की भयंकर जखमी झालेले बरेच सैनिक वेदनाशामक नको म्हणतात. जखमेने त्यांना रणांगणातून सोडवलेलं असतं. कंबरदुखीचं याच्या उलट आहे. ती सुटका करत नाही, मजुरी बुडवते, झोप उडवते. अमेरिकेतल्या संशोधनात पुढे आलं की नैराश्य असलेल्यांनाच अफूवर्गीय गोळ्या जास्त आणि दीर्घकाळ लिहून दिल्या जातात, आणि व्यसनाचा धोकाही त्यांनाच अधिक. गोळी कंबरेसाठी सुरू होते. कर्जाची धास्ती, एकटेपणा तिच्यावरच दाबला जातो. आपल्याकडे सर्रास लिहिली जाणारी ट्रामाडॉल ही अशीच गोळी २०१८ मध्ये १९८५ च्या त्याच कायद्याखाली आली.

परभणीत अंगाचं आणि मनाचं दुखणं एकाच माणसात भेटतं. शेतकरी आत्महत्यांमुळे मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत राज्याने ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात परभणी आहे. आशाताई घरी येऊन मनाची विचारपूस करते. कंबर किती वर्षं धरलीय, त्यावर कोणत्या गोळ्या चालू आहेत, त्या कोण आणून देतं, हेही तिने त्याच बैठकीत विचारायला हवं. आणि तालुक्याच्या डॉक्टरने गोळी लिहिण्याआधी झोपेचं आणि कर्जाचं विचारायला हवं.