पुंटियस (मत्स्य-प्रजाती)

पुंटियस : रोहू आणि कटला ज्या सिप्रिनिडी कुलात मोडतात, त्याच कुलातील गोड्या पाण्यातल्या लहान, खवलेदार माशांची प्रजाती. फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथात (१८२२) हे नाव प्रथम वापरले, तेही सिप्रिनस या प्रजातीचा एक पोटगट म्हणून. पुढे फ्रान्सिस डे याने भारतातील असे बहुतेक मासे बार्बस या प्रजातीत घातले. विसाव्या शतकात बार्बस हे नाव हळूहळू युरोप-आफ्रिकेकडील माशांपुरते उरले आणि दक्षिण आशियातील जे लहान मासे दुसरीकडे कुठे बसेनात, त्यांची रवानगी पुंटियसच्या माळ्यावर झाली. समान पूर्वज हा निकष त्यामागे नव्हताच.

२०१२ मध्ये रोहन पेथियागोडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मायटोकाँड्रियल डीएनए आणि शरीररचना यांच्या आधारे हा पसारा पाच प्रजातींत विभागला : पुंटियस, जुनेच नाव पुन्हा रूढ झालेली सिस्टोमस, आणि पेथिया, डॉकिन्सिया व द्राविडिया या तीन नव्या. पृष्ठपराचा शेवटचा अविभाजित काटा पाहिला तरी बरेच कळते. पेथियात तो करवतीसारखा दातेरी असतो, तर डॉकिन्सियात गुळगुळीत. मिशांच्या जोड्या किती, हेही पाहावे लागते. पेथिया हे नाव संशोधकाच्या आडनावावरून आले असावे असा समज सहज होईल. प्रत्यक्षात ते अशा लहान माशांसाठीच्या सिंहली शब्दावरून घेतले आहे. डॉकिन्सिया मात्र रिचर्ड डॉकिन्स यांच्या नावाची.

द्राविडिया हे नाव फार काळ टिकले नाही. २०१० मध्येच एका माशीच्या प्रजातीला ते देऊन झाले होते, आणि प्राणिनामकरणाच्या संहितेनुसार दोन प्राणी-प्रजातींना एकच नाव चालत नाही. मग २०१३ मध्ये हालुदारिया हे नाव आले. हॅमिल्टनसाठी माशांची चित्रे काढणाऱ्या हालुदार या बंगाली तरुणाची ही आठवण. चित्रकाराला श्रेय मिळायला जवळपास दोन शतके लागली, तेही एका माशीमुळे. त्याच वर्षी राजीव राघवन, नीलेश डहाणूकर आदींनी केरळमधील लाल पट्ट्याच्या शोभिवंत माशासाठी सह्याद्रिया ही प्रजाती स्थापली. ‘मिस केरळ’ म्हणून विकला जाणारा हा मासा डे याने १८६५ मध्ये लेबिओ प्रजातीत नोंदवला होता.

प्रजाती बदलली की विशेषणरूपी जातिनामाचे लिंगही बदलते : पुंटियस फिलामेंटोसस हा डॉकिन्सिया फिलामेंटोसा होतो. मूळ वर्णनकर्त्याचे नाव तेव्हा कंसात जाते. गोव्यातील पेथिया सेटनाई ही जाती छापगर व साने यांनी १९९२ मध्ये पुंटियस म्हणून वर्णिली, म्हणून तिच्यापुढे त्यांची नावे कंसात येतात. महाराष्ट्रातील भीमेच्या खोऱ्यातून २०१६ मध्ये वर्णिलेली पेथिया संजयमोलुरी पहिल्यापासून पेथियातच असल्याने तिच्या वर्णनकर्त्यांना कंस लागत नाही.